आठ म्हणजे आठ

रमाकांत टिपणीस लिफ्टमध्ये शिरले की आधी माणसं मोजायचे. मनातल्या मनात नाही, चक्क बोट दाखवून. एक, दोन, तीन, चार. तुमच्या हातात भाजीच्या पिशव्या असोत की कडेवर झोपलेलं पोर, मोजणीतून सुटका नाही. चार भरले की त्यांचा चेहरा खुलायचा. तीनच असले की दुसऱ्या मजल्यापर्यंत असे खिन्न उभे राहायचे की परक्या माणसाला वाटावं, यांच्या घरी काहीतरी झालंय. आणि एकदा, खोटं नाही सांगत, आम्ही आठ झालो. लिफ्ट सहा जणांची. ती लागली पीं पीं करायला. सगळे एकमेकांची पोटं बघायला लागले, कोण उतरतंय म्हणून. टिपणिसांनी दारात हात आडवा धरला. "कुणी उतरायचं नाही," ते हिंदीत म्हणाले, "आठ आहेत." शेवटी वॉचमन आला तेव्हा सुटका झाली. मी मासळी घेऊन उभा होतो आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं, एवढंच सांगतो.

हे गृहस्थ इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, एकटे. आम्ही तिसऱ्यावर. मी नाडकर्णी. इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासतो, म्हणजे लोकांच्या नुकसानीवर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतो. त्यामुळे माणसाचं कौतुक माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही, हे वृंदा, म्हणजे माझी बायको, तुम्हाला केव्हाही सांगेल. तर कौतुक नाहीच. आधी तक्रारीच ऐका.

टिपणीस मूळ पेणचे. नोकरी शारजापलीकडे हमरिया फ्री झोनमध्ये, एका व्हॉल्व्हच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. आता हमरियात काम करणारा शहाणा माणूस शारजात राहतो, नाहीतर अजमानला. हे राहायचे डिस्कव्हरी गार्डन्समध्ये. रोज सकाळी दीड तास जायचं, संध्याकाळी दोन तास यायचं, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये. का, तर शनिवारचा क्लास इथे आहे. क्लास कसला? तर इंग्लंडच्या लोकनृत्याचा.

हे ऐकून लोक म्हणायचे, हां हां, बॉलरूम. की टिपणीस चिडलेच. बॉलरूम नाही, साल्सा नाही, सूटबूट नाही. इंग्लंडच्या खेड्यापाड्यातली माणसं पिकं निघाल्यावर, जत्रेला, लग्नाला ओळी करून नाचतात, ते. पेणच्या माणसाला हे काय सुचलं, हा प्रश्न मीही विचारला होता. बरं, या माणसाने इंग्लंड कधी पाहिलेलं नाही. "गरज काय?" ते म्हणायचे. "तुम्ही बाजरी खाता ती शेत बघून खाता का?"

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरने वृंदाला व्यायाम सांगितला. जिमला जायची ती तयारी नव्हती. लिफ्टमध्ये एक हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता: 'लोकनृत्य. शनिवारी सहा. जोडीने या, एकटे या, वेळेवर या.' वृंदा म्हणाली जाऊ. मी म्हटलं तू जा. मग आम्ही दोघं गेलो, कारण आमच्याकडे चर्चा अशाच संपतात.

जवळच्या एका कराटे क्लासची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. दीडशे दिरहम तासाला, म्हणजे आपले साडेतीन हजार रुपये, हे गणित मी दारातच मोठ्याने केलं आणि वृंदाने कोपर मारलं. आत एका उंच स्टुलावर टिपणीस बसलेले, छातीवर अकॉर्डियन. माझ्याकडे बघून म्हणाले, "विचारलंत का?"

"कुणाला?"

"यांना."

"ही माझी बायको आहे."

"ते दिसतंय मला. विचारलंत का?"

मी वृंदाला म्हटलं, "चल."

"हे विचारणं नाही," टिपणीस म्हणाले. "ही नोटीस झाली. इथे प्रत्येक नाचाच्या आधी समोर जायचं, उभं राहायचं आणि नीट विचारायचं. घरातलं माणूस असलं तरी. गृहीत धरायचं नाही."

आता काय करता? वीसेक माणसं बघत होती. तेव्हा वीस यायची. मी लग्नाला अठरा वर्षं झालेल्या बायकोसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "वृंदा, माझ्याबरोबर नाचतेस का?" आणि ही बाई म्हणाली, "बघते." आणि खरंच अर्धा मिनिट बघत राहिली. तिने त्या दिवसापासून एकही शनिवार चुकवला नाही, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

तो नाच मात्र सोपा. दोन ओळी समोरासमोर, प्रत्येकाचा जोडीदार समोर. चार जोड्या झाल्या की टिपणीस त्याला 'सेट' म्हणायचे. शेजारच्या जोडीशी हात धरून फिरायचं, जागा बदलायच्या आणि एक घर पुढे सरकायचं. मग नवीन शेजारी. असं करत करत ओळ संपेपर्यंत प्रत्येकाच्या हातात प्रत्येकाचा हात येऊन जातो. टिपणीस वाजवता वाजवता वरून हुकूम सोडायचे. "उजवा हात! फिरा! यल्ला, चला पुढच्या घरात!" शिकवायची पद्धत स्टुलावरूनच. समोर छोटं टेबल, त्यावर चार लिंबं आणि चार बॅटरीचे सेल. लिंबं म्हणजे बायका. माझा सेल गळका होता, असं क्लासमधला कुलकर्णी मला हसून सांगायचा. सहांचे नाच असतात, चारांचेही असतात. पण टिपणिसांच्या लेखी ते भागवणं. "आठ म्हणजे आठ," ते म्हणायचे. "सात म्हणजे आठ वजा एक नाही. सात म्हणजे गर्दी."

कुलकर्णी नवराबायको अबुधाबीहून यायचे, सव्वा तास गाडी चालवून. त्यांची नवी सून एकदा पुण्याहून आलेली. तीही ओळीत उभी राहिली, छान नाचत होती. पण मी सांगितलं ना, या नाचात सरकत सरकत प्रत्येकजण प्रत्येकासमोर येतो. ती आली सासऱ्यासमोर. हुकूम होता दोन्ही हात धरून फिरा. ती बिचारी गोंधळली आणि वाकून कुलकर्ण्याच्या पाया पडली. तिला वाकलेली बघून मागच्या डिसोझाबाई थांबल्या, त्यांच्या अंगावर मी गेलो, माझ्यावर वृंदा. कुलकर्णी 'अष्टपुत्रा'च म्हणायच्या बेतात होता. टिपणिसांनी अकॉर्डियनचा भाता मिटला. "संस्कार," ते शांतपणे म्हणाले, "दाराशी ठेवा. चपलांबरोबर."

मराठी मंडळाच्या गणपतीतला किस्सा तर विचारूच नका. पण सांगतोच. पायाला घुंगरू बांधून, दोन्ही हातांत पांढरे रुमाल घेऊन पुरुषांनी उड्या मारायचा एक नाच असतो, मॉरिस नावाचा. आम्ही सहा जण, सगळे चाळिशीपुढचे, पोटं सांभाळत तयार झालो. सेक्रेटरीने माइकवर सांगितलं, "आता आपण पाहू या इंग्रजांचं लेझीम." टिपणिसांचा चेहरा तिथेच पडला. आम्ही सुरू केलं, तर लोकांनी घातला टाळ्यांचा ठेका, आणि तो वाढवत वाढवत असा नेला की आमच्या उड्यांची पळापळ झाली. टिपणीस थांबले. माइक घेऊन म्हणाले, "टाळ्या वाजवू नका, नाच बिघडतोय." मग मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, त्यापेक्षा एखादं कोळीगीत होऊ द्या." त्यांनी अकॉर्डियन पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आम्ही सहा जण हातात रुमाल घेऊन स्टेजवर तसेच उभे. इरा, माझी मुलगी, तेव्हा कॉलेजला होती. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "बाबा, प्लीज नेव्हर डू दॅट अगेन."

तर असा माणूस. तऱ्हेवाईक म्हणा, हट्टी म्हणा. मी दोन्ही म्हणत असे.

हे सगळं त्यांच्या मागे लागलं कसं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर. सव्वीस वर्षांपूर्वी ते इथे आले. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे, ते बरोबर आणलं होतं. कंपनीच्या वार्षिक पार्टीत वाजवलं. मॅनेजर इंग्रज होता, त्याची बायको मार्गरेट अबुधाबीत आपल्या देशाच्या लोकांसाठी हा नाच चालवायची. तिचा फिडल वाजवणारा मायदेशी गेला होता. तिने यांना विचारलं. मग दर आठवड्याला हे हमरियाहून अबुधाबीला जायचे, ती हुकूम द्यायची, हे वाजवायचे. पंधरा वर्षं. हळूहळू इंग्रज रिटायर होऊन परतले, शेवटी मार्गरेटही गेली. जाताना नाचांची हाताने लिहिलेली कार्डं यांच्या हातात देऊन गेली. दुसऱ्या कुणी ती डब्यात ठेवली असती. यांनी खोली भाड्याने घेतली.

"तिला वाईट वाटलं असतं हो," एवढंच ते म्हणाले.

पण जे इंग्रजांचं झालं तेच आमचं. इथे कुणी राहायला येत नाही, जायला येतो. वीसचे पंधरा झाले, पंधराचे दहा. कुणाला कॅनडाचा पीआर मिळाला, कुणाची नोकरी गेली, कुणी मुलाच्या दहावीसाठी बायकोला परत धाडलं आणि मग एकट्याला नाचायची लाज वाटायला लागली. कुणीही जाताना घरी पार्टी द्यायचं. बिर्याणी, केक, 'इन्शाल्ला भेटू'. टिपणीस एकाही पार्टीला जायचे नाहीत. लोकांना राग यायचा, माणूसघाणा म्हणायचे. मीही म्हणालो. डिसेंबरात शेवटचे आठ भरले होते. त्यानंतर सहा, पाच, एका शनिवारी तर आम्ही दोघं आणि डिसोझाबाई. टिपणिसांनी त्या दिवशीही पूर्ण वेळ वाजवलं. आम्ही नुसते बसून ऐकलं. असा भकास शनिवार मी आयुष्यात पाहिला नाही.

मे महिन्यात ते आमच्या दाराशी आले. ते कधी कुणाकडे जात नसत, म्हणून वृंदा घाबरलीच. आत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कंपनी म्हणते पासष्ट झाले, आता पुरे. व्हिसा कॅन्सल होतोय. पुढच्या महिन्यात जायचं."

आम्ही जे म्हणायचं असतं ते म्हटलं. बरं झालं, आराम करा, पुण्याला हवा चांगली, वहिनींना सोबत. त्यांच्या बायकोचं नाव सुलभा. शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर. पुण्याचा फ्लॅट त्यांनी एकटीने सांभाळला होता, मूलबाळ नव्हतं. सव्वीस वर्षांत टिपणीस वर्षाला एक महिना तिथे जायचे. सुलभावहिनी इथे आल्याचं मला आठवत नाही.

"तिचा फोन आला होता," टिपणीस म्हणाले. "विचारत होती, तुमचं सामान कुठल्या खोलीत लावू."

मी विनोद करायला गेलो आणि जमला नाही.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "पाहुण्याला विचारतातच. नाडकर्णी, मी एका कामासाठी आलो होतो. जायच्या आधी एकदा पूर्ण सेट हवाय मला. मार्गरेटचा आवडता नाच आहे, आठांचा. डिसेंबरापासून वाजवलेला नाही. तिथे गेल्यावर कोण नाचणार आणि कुणासाठी वाजवू? एकदा झाला की झालं."

मी म्हटलं, आणतो मी आठ. आता हे मी प्रेमाने म्हटलं की नुसतं त्या खोलीतून, त्या विषयातून सुटायला म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. पण शब्द दिला. आणि क्लेमवाल्या माणसासारखं सगळ्यांच्या मागे लागलो. कुलकर्ण्याने गुडघा पुढे केला. मी म्हटलं एक्स-रे दाखव. दोघं नवराबायको येतो म्हणाले. डिसोझाबाई होत्याच, त्या पुरुषांच्या ओळीत उभ्या राहणार होत्या. खालच्या पार्लरमधली फिलिपिनो जेनी पूर्वी यायची, तिने सुट्टी मागून घेतली. आम्ही दोघं झालो सहा. इरा आता बावीस वर्षांची, नोकरी करते. तिला म्हटलं, ती म्हणाली, "फाइन, बट नो हँकीज." सात. आणि आठवा पिल्ले, माझ्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर, वर्षभर नाचलेला, विश्वासू माणूस. इराचा जोडीदार तो. मी खाली जाऊन टिपणिसांना नावं वाचून दाखवली. त्यांनी ती कागदावर दोन ओळींत लिहून घेतली. येणारा शनिवार शेवटचा होता. सोमवारी त्यांचं विमान.

शनिवारी सहाला पाच मिनिटं असताना आम्ही खोलीत सात जण होतो. टिपणीस पांढरा शर्ट घालून स्टुलावर बसले होते, इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. माझा फोन वाजला. पिल्लेचा मेसेज: अबुधाबीच्या साइटवर सकाळीच बोलावलं, दुरुस्तीसाठी शटडाउन आहे, सुटका नाही, सॉरी. मी तो वाचून दाखवू शकलो नाही. फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, परत दिला.

"खलास," ते म्हणाले.

मी चिडलो. पिल्लेवर, साइटवर, या देशात प्रत्येकाचा शनिवार दुसऱ्याच्या मालकीचा असतो त्यावर. कुलकर्णी फोन घेऊन बाहेर पळाला, पार्किंगमध्ये कुणी मिळतंय का बघायला. कराटेच्या नुकत्याच सुटलेल्या वर्गातल्या मुलांच्या आया गाड्यांत एसी लावून बसल्या होत्या, त्यांतल्या एकीने काच खाली केली आणि त्याच्याकडे बघून परत वर केली. तो तसाच परत आला.

"सहांचा एक आहे," टिपणीस म्हणाले. "तो करू. कुणीतरी एकजण बसा." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, हे मला जास्त लागलं. त्यांना सवय होती.

इरा भिंतीशी उभी होती. "बट अंकल," ती म्हणाली, "यू आर हिअर."

"मी वाजवतो, बाळ."

"मास्तर, वाजवलेलं आहे की माझ्या फोनवर," वृंदा म्हणाली. "घरी सरावाला म्हणून तुमचंच घेऊन ठेवलं होतं."

टिपणिसांनी मान हलवली. वाजवणाऱ्याची जागा स्टुलावर, वगैरे काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात इरा पुढे गेली. त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं तशीच समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अंकल, विल यू डान्स विथ मी?"

त्यांनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"मला कधी कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. आपल्याला शुगर नाही, असं डॉक्टरला सांगावं तसं. मग अकॉर्डियनचा पट्टा सोडवायला लागले. बक्कल निघेना. डिसोझाबाईंनी काढून दिलं.

सव्वीस वर्षं, पंधरा मार्गरेटकडची आणि अकरा इथली. शेकडो माणसं त्यांच्या समोरून हात धरून गेली असतील. त्यांतल्या कुणाला सुचलं नाही. मला सहा वर्षांत सुचलं नाही. दर शनिवारी मी बायकोला विचारायचो, डिसोझाबाईंना विचारायचो, एकदा गमतीने कुलकर्ण्याला विचारलं. चार फुटांवर हा माणूस बसलेला असायचा, आणि मला वाटायचं तो वाजवतोय.

वृंदाने फोन लावला. ओळी झाल्या. आणि सांगायला नको खरं, पण टिपणीस पहिल्याच वळणाला चुकले. उजवा हात म्हटलं की त्यांचा डावा पुढे. डावीकडे जा म्हटलं की उजवीकडे, थेट जेनीच्या अंगावर. प्रत्येक पाऊल त्यांना पाठ होतं, पण समोरून. स्टुलावरून बघताना आमचा उजवा त्यांना डावीकडे दिसायचा. आत उभं राहिल्यावर सगळं उलटं झालं. घाम फुटला त्यांना. त्यातही कान तिखट. "कोण वाजवतोय हा?" मधेच म्हणाले. "पळतोय नुसता." आम्ही हसलो, तेही हसले, आणि परत चुकले. सरकत सरकत ते माझ्यासमोर आले. दोन्ही हात धरून फिरायचं होतं. त्यांचे हात गार पडले होते. फिरून झालं, सोडायची वेळ आली, तर त्यांनी सोडले नाहीत. इराने त्यांना खांद्याला धरून पुढच्या घरात नेलं.

गाणं संपलं. ते मधोमध उभे, धापा टाकत. म्हणाले, "आतून असं असतं होय."

मग ते वृंदासमोर गेले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि म्हणाले, "वहिनी, नाचाल का माझ्याबरोबर?" वृंदा हो म्हणाली, पण तिचं हो कुणाला ऐकू गेलं नाही. मग कुलकर्णीबाईंना विचारलं. मग जेनीला, हिंदीत. प्रत्येकीला विचारून तोच नाच, परत पहिल्यापासून. चौथ्यांदा कुठे डावं-उजवं लागलं. साडेसातला कराटेचे इजिप्शियन मास्तर दाराशी आले, मागे पांढऱ्या कपड्यांतली रांग. अकरा वर्षांत टिपणिसांनी खोली एक मिनिट उशिरा सोडली नव्हती. ते म्हणाले, "हबीबी, पाच मिनिटं." मास्तरांनी आमच्याकडे बघितलं आणि मुलांना बाहेरच बसवलं.

सोमवारी विमानतळावर सोडायला मी जाणार होतो. ऐनवेळी मीटिंग आहे म्हणून कळवलं. मीटिंग नव्हती. गाडी इराने नेली. दोन बॅगा आणि अकॉर्डियन, बस.

ती परत आली ती नेहमीसारखी फोनमध्ये डोकं घालून नाही. स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, काही बोलले का वाटेत?

"ही आस्क्ड मी समथिंग," ती म्हणाली. मग तिने ते मराठीत सांगितलं, त्यांच्याच शब्दांत, कारण तिला ते इंग्रजीत सांगता येईना. ते म्हणाले होते, "लग्नाला चौतीस वर्षं झाली. इकडे येताना मी सुलभाला सांगितलं, जातोय. तू येतेस का, असं विचारलं नाही. तिची नोकरी होती, नाहीच म्हणेल, असं मी धरून चाललो. आता घरी गेल्यावर तिला नाचतेस का म्हणून विचारलं, तर हसेल का गं ती?"

"मग तू काय म्हणालीस?" वृंदाने विचारलं.

"मी म्हटलं, नाही हसणार," इरा म्हणाली. "पण मम्मा, मी त्या आंटीला कधी पाहिलंच नाहीये."